तेलाचा डबा आता तीन महिने पुरतो

पंचेचाळिशी ओलांडली तेव्हा माझी उंची 155 सेंटिमीटर आणि वजन 74 किलो होते. मी गणित शिकवते, त्यामुळे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, डॉक्टरांनी सांगण्याआधीच मी मनात काढले होते: 30.8. भारतीयांच्या बाबतीत 23 च्या पुढे वजन जास्त आणि 25 च्या पुढे स्थूलपणा धरला जातो, कारण आपल्याकडे तुलनेने कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेहाचा धोका लवकर सुरू होतो. स्त्रियांच्या कंबरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा, माझा 94 होता. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए-वन-सी, 6.1 आला होता, 5.7 ते 6.4 हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा. डॉक्टर म्हणाले, ‘‘मॅडम, गोळीची घाई नको. सहा महिन्यांत वजनाच्या पाच टक्के उतरवून दाखवा.’’ पाच टक्के म्हणजे 3.7 किलो. हा आकडा इतका लहान वाटला की मला धीर आला.

खानदेशात वजन उतरवायचे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. आमच्या अमळनेरकडे शेवभाजीवर बोटभर तर्री तरंगली नाही तर भाजी जमली नाही असे समजतात. खिचडी ताटात पडली की तिच्यावर शेंगदाण्याचे कच्चे तेल धार धरून ओततात, आणि त्या गरम खिचडीतून तेलाचा जो वास उठतो त्यापुढे तूपसुद्धा फिके पडते. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत, त्यासोबत पुऱ्या; पाहुणे आले की वरण-बट्टी; श्रावणात कानबाई देवीचे रोट; आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. यातले काहीही सोडायची माझी तयारी नव्हती. ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचे तक्ते मैत्रिणींनी मोबाईलवर पाठवले होते, पण सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले अशा पाच जणांच्या घरात एकीसाठी वेगळा स्वयंपाक किती दिवस चालतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. म्हणून ठरवले की पदार्थ तेच राहतील. किती खाते आणि कसे खाते, एवढेच बदलायचे.

सुरुवात तेलापासून केली. आमच्याकडे पंधरा किलोचा डबा दोन महिन्यांत संपत असे. 15,000 ग्रॅमला पाच माणसे आणि साठ दिवस यांनी भागले, तर माणशी रोज 50 ग्रॅम तेल येते. एका ग्रॅम चरबीतून सुमारे 9 कॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांतून सुमारे 4. म्हणजे आम्ही प्रत्येक जण रोज साडेचारशे कॅलरी नुसत्या तेलातून घेत होतो. हा हिशेब मी वहीत मांडून सासूबाईंना दाखवला. त्या शाळेत फारशा गेलेल्या नाहीत, पण साठवणीच्या डब्यांचा हिशेब त्यांच्याइतका पक्का कोणाचाच नाही. त्या म्हणाल्या, ‘‘डबा तीन महिने पुरवून दाखवते.’’ मग किटलीने फोडणीत तेल ओतणे बंद झाले आणि चमच्याने मोजून घालणे सुरू झाले. तीन महिने पुरवायचा तर माणशी 33 ग्रॅम पडतात. रोजच्या दीडशे कॅलरी त्यात वाचतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी असे धरतात. त्या हिशेबाने दीडशेची बचत दर दोन महिन्यांना एक किलोच्या थोडी वर जाते. शरीर असे त्रैराशिकाने चालत नाही, वजन कमी होत जाते तशी त्याची गरजही घटते, हे मान्य. तरी दिशा कळायला एवढे पुरेसे होते.

खिचडीचा प्रश्न मात्र चमच्याने सुटला नाही, कारण तिथे तेल हाच स्वाद. त्यावर उपाय सापडला तो खाण्याच्या पद्धतीत. जाणीवपूर्वक खाणे ही गोष्ट मी आधी वाचली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये ताणतणाव कमी करण्याचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात पहिला धडा एका मनुक्याचा असतो: तो हातात घेऊन पाहायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग सावकाश चावायचा. मी मनुक्याऐवजी कळण्याची भाकरी घेतली. आमच्याकडे चार भाग ज्वारीत एक भाग अख्खे उडीद घालून कळणा दळतात. चतकोर भाकरीचा एक घास मी मोबाईल बाजूला ठेवून, कोणाशी न बोलता चावत राहिले. आधी करपलेल्या पापुद्र्याचा किंचित कडवटपणा, मग उडदाचा बुळबुळीत खमंगपणा, आणि बराच वेळ चावल्यावर ज्वारीची गोडी. ही गोडी मला जन्मभर माहीतच नव्हती म्हटले तरी चालेल, कारण ठेच्याने तोंड भाजले की आपण घास गिळून पुढच्याकडे वळतो.

पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. जठर ताणले गेल्याची आणि आतड्यांतून सुटणाऱ्या संप्रेरकांची खबर पोचेपर्यंत घाईने जेवणारा माणूस आणखी एक भाकरी संपवून बसलेला असतो. सकाळी शाळेची गाडी पकडायची म्हणून आठ मिनिटांत जेवण उरकणे ही माझी वर्षानुवर्षांची रीत होती. सकाळचे बदलणे शक्य नव्हते, म्हणून डबा शाळेत शांतपणे खायचा आणि रात्रीचे जेवण लवकर, सगळ्यांसोबत, दूरदर्शन संच बंद करून करायचे असे ठरवले. मुलांनी आठवडाभर कुरकुर केली. खिचडीवरचे तेल मी वाटीत घेऊ लागले आणि पहिल्या चार घासांना थेंब थेंब लावून खाऊ लागले. चव पहिल्या घासांतच सगळ्यात जास्त लागते, नंतर जीभ सरावते आणि उरलेले तेल नुसते पोटात जाते, हे एकदा नीट लक्ष देऊन खाल्ले की स्वतःलाच पटते.

मोहाचे खरे ठिकाण धरणगावचे स्टेशन. संध्याकाळी शाळा सुटली की अमळनेरची गाडी येईपर्यंत वेळ असतो, आणि बाहेरच्या गाड्यावर नेमकी तेव्हाच भजी तळली जात असतात. दिवसभर मुलांसमोर बोलून आलेल्या माणसाला त्या वासापुढे निग्रह वगैरे शब्द आठवत नाहीत. मी निग्रहाच्या भानगडीत पडलेच नाही. शाळेतून निघण्याआधीच मूठभर फुटाणे आणि एक केळे खाऊन निघायचे, आणि तरीही इच्छा झाली तर दहा मिनिटे थांबायचे, असा नियम केला. इच्छा नदीच्या लोंढ्यासारखी चढते आणि उतरतेही. तिच्याशी भांडत बसले तर ती जास्त वेळ राहते, नुसते पाहत बसले की ओसरते. दहा मिनिटांनंतरही हवी असतील तर चार भजी घ्यायची, बाकावर बसून, गरम असताना, मन लावून खायची आणि पुढे त्याचा पश्चात्ताप करायचा नाही. अशी भजी मी अनेकदा खाल्ली आहेत आणि ती फार छान लागतात.

आमच्याकडच्या लोकांना केळी नेहमीची म्हणून तिचे अप्रूप नसते आणि वेफर्सची पिशवी मात्र पाहुण्यांसाठी येते. मध्यम केळ्यात शंभराच्या आसपास कॅलरी असतात, तर पन्नास ग्रॅम वेफर्समध्ये अडीचशे. फळ तेच, फरक कढईचा.

माणसांचा आग्रह हा मोहापेक्षा अवघड निघाला. भज्यांच्या गाडीवाल्याला आपले वाईट वाटत नाही, पण मावशीला वाटते. आखाजीला माहेरी गेले तेव्हा तिने खापरावरची मांड्याएवढी पोळी ताटात टाकली आणि दुसरी हातात धरून उभी राहिली. ‘‘ले ना वं, एक पोळीनं काय व्हस!’’ मी हात आडवा धरून म्हटले, ‘‘मावशी, पोट भरनं मन्हं.’’ ती रुसली. दोन दिवस माझ्या आईजवळ माझ्या आजारपणाची चौकशी करत होती. पुढच्या वेळी मी जेवायला बसण्याआधीच तिला सांगितले की मला दुसरी पोळी जाताना बांधून दे, उद्या सकाळी खाईन. तिचे समाधान झाले, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी पोळी मी आणि अर्धी मुलीने दुधात कुस्करून खाल्ली. नकारापेक्षा हा मार्ग आमच्याकडे जास्त चालतो, असे माझे मत आहे.

चालण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. उन्हाळ्यात पारा 45 पर्यंत जातो, तेव्हा सहाच्या आधी अर्धा तास चालून यायचे. एरवी जमेल तेव्हा.

सहा महिन्यांत चार किलो उतरले. पुढे 67 वर काटा अडला तो काही केल्या हलेना. डॉक्टरांनी समजावले की वजन उतरले की शरीर कमी ऊर्जेत भागवू लागते, आणि स्नायूही थोडे झिजतात. स्नायू टिकावेत म्हणून ताटात डाळ वाढवली. यासाठी नवे काही शोधावे लागले नाही, सासूबाईंचे फुणके होतेच: भिजवलेली तूरडाळ आणि चणाडाळ भरड वाटून, मिरची-लसूण घालून वाफवलेले मुटके, कढीसोबत खायचे. इतका प्रथिनयुक्त आणि न तळलेला पदार्थ आमच्या घरी पाहुण्यांपुढे ठेवायला लोक लाजतात, याचे मला आश्चर्य वाटते. घरीच पाण्याच्या बाटल्या उचलून हातांचा व्यायामही सुरू केला. काटा पुन्हा सरकला, पण पूर्वीपेक्षा संथ.

दीड वर्षानंतर आज वजन 64 आहे, कंबर 85 आणि एचबीए-वन-सी 5.6. माझ्या उंचीला बीएमआय 25 च्या आत आणायचा तर 60 वर यावे लागेल, आणि त्याची मला घाई नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. फराळ त्याच्या आधी येतो, म्हणून सासूबाईंनी यंदा चकलीची भाजणी निम्मीच दळून आणायला सांगितली आहे. शेव मात्र नेहमीइतकीच होणार, त्यावर त्यांनी चर्चा होऊ दिली नाही.