वेल्डिंग सेट घरच्या सिंगल फेजवर: एमसीबीचा छडा लागला

एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, अखेर टिकली. जालन्याच्या भंगार बाजारातून आणलेला एअर कूल्ड वेल्डिंग सेट (म्हणजे वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर) आता बटण दाबताच बिनतक्रार सुरू होतो, आणि अडीच मिलिमीटरच्या ६०१३ रॉडने ३५ बाय ५ च्या अँगलवर ओढलेल्या पहिल्या रेघेचा स्लॅग (वरची कडक राखेसारखी खपली) हातोडीच्या हलक्या ठोक्यासरशी अखंड सुटला.

ओपन सर्किट व्होल्टेज (रॉड न टेकवता मिळणारे व्होल्टेज) ३९ च्या पुढे जात नाही आणि रॉड नुसता चिकटतो, या मागील नोंदीतील प्रश्नाचे उत्तर सोपे निघाले. सेट दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर, जोडलेला होता; त्याला २३० दिल्यावर ७० व्होल्टचे ३९ होणारच. मागच्या पत्र्याआड, जुन्या वार्निशच्या थराखाली २३० चा टॅप (वाइंडिंगमधून काढलेले जोडणीचे टोक) शाबूत सापडला. पंपाच्या थ्री फेजवर सेट चालवावा, असे काहींनी सुचविले होते. परंतु शेतीच्या जोडणीवर वेल्डिंग करणे हा विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, त्यामुळे तो विचार मी केला नाही. घरच्या जोडणीचा मंजूर भार तेवढा वाढवून घेतला.

खरा त्रास टॅप बदलल्यावर सुरू झाला. ३२ अँपिअरची सी कर्व्ह (किती पट प्रवाहाला तत्काळ सुटावी याचा एक प्रकार) एमसीबी सेट चालू करताना कधी ट्रिप होई, तर कधी सेट निमूटपणे चालू होऊन तासभर काम करी. एमसीबी बदलून पाहिली, मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे मीटर) लावून पाहिला. इन्सुलेशन उत्तम होते. एका रिवाइंडिंगच्या दुकानात २०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावण्यात आला, तो लख्ख पेटला, आणि ‘वाइंडिंग शॉर्ट आहे, नवीन भरावी लागेल’ असा निकाल मिळाला. हा निकाल मला मुळीच मान्य नाही. क्लॅम्प मीटरवर या सेटचा बिनभाराचा प्रवाह साडेतीन अँपिअर दिसतो आणि २०० वॉटच्या बल्बमधून एक अँपिअरदेखील जात नाही. अशा सिरीजमध्ये निरोगी ट्रान्सफॉर्मर असला तरी बल्ब जवळपास पूर्ण तेजाने पेटणारच. छोट्या मोटारीसाठी उपयोगी असलेली ही चाचणी वेल्डिंग सेटला लावून चांगले तांबे उकलले जाते, याचे वाईट वाटते.

एमसीबी पडण्याचे कारण होते इनरश करंट, म्हणजे चालू करतानाच उसळणारा प्रवाह. व्होल्टेजची लहर शून्यावर असताना स्विच लागला आणि गाभ्यातील उरलेले चुंबकत्व त्याच दिशेचे असले, तर गाभा संपृक्त होतो आणि पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट उसळतो. लहर शिखरावर असताना स्विच लागला, तर जवळजवळ काहीच घडत नाही. सी कर्व्ह पाच ते दहा पट प्रवाहाला, म्हणजे १६० ते ३२० अँपिअरच्या दरम्यान, तत्काळ सुटते. डी कर्व्ह दहा ते वीस पट सोसते, म्हणून तीच मागवावी असे ठरले होते. परंतु आमचे घर डीपीपासून (गावच्या वीज ट्रान्सफॉर्मरपासून) लाइनच्या शेवटच्या टोकाला आहे आणि २० अँपिअरच्या भाराला व्होल्टेज १२ ने उतरते, म्हणजे लाइनचा अडथळा सुमारे ०.६ ओहम आहे. फेज आणि न्यूट्रल थेट भिडले तरी येथे जेमतेम ३८० अँपिअर वाहतील. डी कर्व्ह तत्काळ सुटण्याची खात्री मात्र ६४० ला आहे. जी एमसीबी खऱ्या शॉर्टलाही रेंगाळू शकते, ती बसविण्यात अर्थ नव्हता.

म्हणून सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा प्रवाह रोखणारी जोडणी, केला. शेगडीच्या २००० वॉटच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की सुमारे १३ ओहम होतात. त्या प्रायमरीच्या (सेटच्या वीज घेणाऱ्या वाइंडिंगच्या) सिरीजमध्ये ठेवल्याने सुरुवातीचा प्रवाह कोणत्याही क्षणी २५ अँपिअरच्या वर जात नाही. अर्ध्या सेकंदाने टायमर कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) ओढतो आणि कॉइल बाजूला पडतात. कॉइल चिनी मातीच्या प्लेटवरच ठेवाव्यात, आणि कॉन्टॅक्टरवर पैसे वाचवू नयेत. भंगारातील कॉन्टॅक्टरचे पॉइंट बहुधा जळालेले असतात.

पॅनेलची खोकी बंद करणार होतो, परंतु हे आकडे मांडताना दुसरेच सुचले. ७० अँपिअरवर वेल्डिंग करताना सेट घरातून २१ अँपिअर घेतो, तरी खरी शक्ती दोन किलोवॉटच्याही आत असते. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातील खऱ्या शक्तीचा वाटा, ०.४ च्या आसपास आहे. दोन केव्हीएआरचा (काम न करता ये-जा करणाऱ्या शक्तीचे एकक) कपॅसिटर प्रायमरीला समांतर लावला, तर प्रवाह साडेतेरा अँपिअरपर्यंत उतरेल आणि शेजारच्यांचे दिवे लुकलुकणे कमी होईल. त्यासाठी २३० व्होल्टवर सुमारे १२० मायक्रोफॅरड लागतात, आणि सबमर्सिबल पंपाच्या पॅनेलमध्ये लागणारे ७२ आणि ५० चे रन कपॅसिटर आपल्याकडे पंपाच्या दुकानात सहज मिळतात. स्टार्ट कपॅसिटर चालणार नाहीत, ते सतत भार सोसत नाहीत. हे दोन्ही कपॅसिटर टायमरनंतरच्या वेगळ्या कॉन्टॅक्टरवर, डिस्चार्ज रेझिस्टरसह घ्यावे लागतील. त्यामुळे आठ इंची खोकी परत करून मोठी आणतो आहे.