मे महिन्यात हीटर

आंबा घाट अर्धा चढलो आणि गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. बॉनेटमधून वाफ, खाली डांबरावर हिरवट, चिकट ओघळ. कूलंट, इंजिन गार ठेवणारा द्रव.

फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडणार, तेवढ्यात मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ साहेब, तोंड भाजून घ्यायचंय का? गार होऊ द्या आधी!"

अर्धा तास दगडावर बसून राहिला. मग होजची सैल क्लिप आवळली, कॅनमधलं साधं पाणी ओतलं. "मलकापूरपर्यंत एसी बंद, हीटर फुल. इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर पडते."

मे महिन्यात हीटर! घामाने निथळत पोचलो, पण पोचलो.

पैसे घेतलेच नाहीत त्यानं. टेम्पोत आंब्याच्या पेट्या होत्या, कोल्हापूरच्या बाजारासाठी. त्याला उशीर होत होता, हे मला नंतर सुचलं.

मी थांबलो असतो का त्याच्यासाठी?