वीस टक्के टिप का ठेवते, एकदाच सांगते

तुम्ही विचारलंत म्हणून. भारतातून इथे अमेरिकेत आलेला प्रत्येक पाहुणा रेस्टॉरंटचं बिल आलं की विचारतोच, "एवढी टिप? रुपयांत किती झाले गं?"

टेक्सासमध्ये मालकाने सर्व्हरला, म्हणजे वेटरला, तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतं. केंद्र सरकारचा हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. टिप धरून तासाला ७.२५ डॉलर, म्हणजे किमान वेतन, होत नसतील तर फरक मालकाने भरायचा असा कायदा आहे, पण तो मागायला गेलेलं मी तरी कुणी पाहिलं नाही. मी सर्व्हर होते तेव्हा त्या पगारातून टिपवरचा टॅक्सही कापायचे, त्यामुळे माझा पगाराचा चेक कधीकधी चक्क शून्याचा यायचा.

वर्क परमिट आल्यावर मी एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये होते. एका शनिवारी अकरा जणांचं टेबल आलं, आपलेच, मराठी. मला बहुतेक साउथची समजले, मीही बोलले नाही. पाणी विदाउट आइस, आजींना गरम पाणी, कांदा-लसूण नको, चिली फ्लेक्स आणा, ब्रेड परत आणा, पोरांनी सांडलेलं सूप पुसा, दोन तास हेच. बिल २८० डॉलर. काका म्हणाले, "पगार असतो की तिला, पाच ठेव." आता ऐका, आमच्याकडे टिप-आउट होतं, विक्रीच्या चार टक्के बसरला, म्हणजे टेबल आवरणाऱ्याला, आणि बारवाल्याला मीच द्यायचे, मला टिप मिळो न मिळो. म्हणजे ११.२० गेले, पाच आले, वरचे सहा बाकीच्या टेबलांच्या टिपमधून. दारात आजींना म्हटलं, "सावकाश, पायरी आहे." काकांनी वळून बघितलं, पण पाकिटाकडे हात काही गेला नाही.

"पगार मालकाने द्यावा ना!" मान्य. अमेरिकेत आल्या आल्या मीही हेच भांडायचे आणि तेव्हाची मी काही खोटं बोलत नव्हते. पण मालकाचे पैसे पूर्ण देता आणि कापता कुणाचे? बरं, दुसरी बाजूही सांगते, शुक्रवारी रात्री मी आतल्या कुकपेक्षा जास्त कमवायचे आणि तो दिवसभर भट्टीसमोर उभा असायचा. ते तरी कुठे न्याय्य होतं?

कॅलिफोर्नियात सर्व्हरला टिपशिवाय पूर्ण किमान वेतन मिळतं. नणंदेकडे गेले तेव्हा तिथेही वीसच ठेवले, ती म्हणाली, आता का? मला सांगता आलं नाही. कॉफीच्या काउंटरवर स्क्रीन आपल्याकडे फिरवतात ना, तिथे मात्र मी 'नो टिप' दाबते, बिनदिक्कत.