रूथ मी अजून का वाचतो

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. शबुओथच्या सणाला आमच्यात रूथचं पुस्तक वाचतात; रूथ म्हणजे नवऱ्यामागे सासूबरोबर तिच्या लोकांत येऊन राहिलेली परकी सून. दर शबुओथला कोणीतरी विचारतंच. तुमच्या बायकोला कब्रस्तानात जागा नाकारली, तरी त्याच लोकांत बसून तुम्ही रूथचं पुस्तक कसं वाचता? आजवर हसून टाळलं. यंदा सांगतो.

पंचविशीत मी एज्राच्या, म्हणजे परक्या बायका घालवून द्यायला लावणाऱ्या शास्त्र्याच्या, बाजूचा होतो. बाबिलोनहून परतलेला मूठभर समाज, बाहेरच्या बायका राहू दिल्या असत्या तर नावनिशाणी उरली नसती, असं वडीलधाऱ्यांपुढे तावातावानं बोलायचो. नवव्या महिन्याची वीस तारीख, यरुशलेमेत देवाच्या घरासमोर लोक पावसात कापत बसलेले. पुढे पुरुषांच्या नावांची यादी. घालवून द्यायच्या बायकांपैकी एकीचंही नाव नाही. शेवटी एवढंच, की त्यांच्यातल्या काहींना मुलं होती. ती ओळ मी तेव्हाही वाचली होती. नंतर बाहेरच्या मुलीशी लग्न केलं आणि त्या यादीतला झालो.

ती गेली त्या सकाळी कब्रस्तानाच्या कमिटीतले दोघं अंगणात आले. त्यातल्या एकानं तिच्या हातचा मलिदा कितीदा तरी खाल्लेला. त्यानं चपला न काढता विचारलं, "यहुदी होण्याचा विधी करून घेतला होता का? काही कागद?" नव्हता. एकेचाळीस वर्षं तिनं शुक्रवारचा शब्बाथचा दिवा लावला होता, त्याचा कागद कुठून आणणार? मी म्हणालो, "रूथनं कुठला कागद दाखवला होता?" तो खाली बघत म्हणाला, "ते शास्त्रातलं झालं. इथं नियम आहे." दुपारपर्यंत मी फोन करत राहिलो. ऊन चढलं, बर्फ वितळायला लागला. मग तिचे भाऊ आले, काही न बोलता तिरडी बांधायला बसले. स्मशानात मुलगा कानाशी म्हणाला, "बाबा, कादिश म्हणायचं?" मृतासाठीच्या त्या प्रार्थनेला दहा यहुदी माणसं लागतात. आम्ही दोघंच होतो.

'तू मरशील तिथं मी मरेन, तिथंच माझी मूठमाती होईल' हे रूथचं वाक्य. ते मी बायकोच्या तोंडी घालून भांडत होतो. तिला दहन हवं होतं की दफन, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मवाबी माणूस दहाव्या पिढीतही मंडळीत यायचा नाही, असं तोरातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. रूथ मवाबी, आणि दावीद तिचा पणतू. ही बंदी मवाबी पुरुषांना, बायकांना नव्हे, असा तोडगा पुढे मिश्नानं, रब्बींच्या नियमसंग्रहानं, काढला. तो मला पूर्वी फार आधाराचा वाटायचा. आता वाटतं, एका बाईसाठी वाट निघाली तर दुसरीसाठी का निघू नये?

पण म्हणून कमिटीला शिव्या देऊ नका, मला ते आवडत नाही. 1962 साली इस्राएलच्या मुख्य रब्बींनी आमच्या लग्नांआधी, पूर्वजांत कोणी बाहेरचं होतं का, याची चौकशी करायला सांगितलं. 1964 साली आमच्या माणसांनी यरुशलेमेत धरणं धरलं, तेव्हा कुठं तो आदेश बदलला. भीती कुठून येते ते मला कळतं. आणि आम्हीच गोरे इस्राएल, काळे इस्राएल असा भेद केला, मिश्र लग्नाच्या संततीला सोयरीक नाकारली. आम्ही, ज्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावला लागले अशी आमची कथा. बुडालेल्यांना तिथल्याच मातीत पुरलं, असं तीच कथा सांगते. त्या मातीनं कागद मागितला नव्हता.

मग वाचतो का? एज्राला ठेवून रूथला काढलेलं नाही, रूथसाठी एज्राला फाडलेलं नाही. दोघं एकाच ग्रंथात आहेत. माझं भांडण तिथं आधीपासून चालू आहे, दुसरीकडे कुठं नेऊ ते? मुलगा याला पळवाट म्हणतो. तो मशिदीत, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, येत नाही, आणि त्याला खोडून काढेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

कब्रस्तानात माझी जागा आहे, आईबापांच्या शेजारी. ती घ्यायची का, ते अजून ठरत नाही.