ब्रॉन्क्स नदीच्या काठाने

न्यूयॉर्कला आलेला पाहुणा ब्रॉन्क्समध्ये जातो तो फार तर प्राणिसंग्रहालय बघायला. मी मात्र सहा नंबरच्या सबवेने व्हिटलॉक अ‍ॅव्हेन्यूला उतरले. स्टेशनाला लागूनच नदी आहे आणि तिच्या काठावर जुन्या काँक्रीट कारखान्याचे उंच, लालसर रंगवलेले सांगाडे उभे आहेत. हा कारखाना १९८७ साली बंद पडला. मागे उरली पडीक जागा, टायर आणि राडारोडा. वस्तीतल्या तरुण पोरांनी आणि स्थानिक संस्थांनी नेट लावला, म्हणून २००९ मध्ये इथे बाग झाली. नावही तेच ठेवलं, काँक्रीट प्लांट पार्क.

मी पोचले तेव्हा ओहोटी होती. भरतीचं पाणी इथवर चढतं, त्यामुळे काठाला काळा चिखल आणि त्यात मुद्दाम लावलेलं खाऱ्या पाण्यातलं गवत. वाकून पाहिलं तर गवताच्या बुडाशी शिंपले अर्धे रुतून बसलेले. पलीकडे एक मोठा बगळा मान लांब करून पाण्यात टक लावून उभा होता. मागून रेल्वे धडधडत गेली, तरी तो जागचा हलला नाही. मी बराच वेळ कठड्याला टेकून त्याच्याकडेच बघत राहिले.

पुढे काही स्वयंसेवक जपानी नॉटवीड उपटत होते. हे बाहेरून आलेलं झुडूप. बांबूसारखी पोकळ पेरं असतात आणि एकदा माजलं की खाली दुसरं काही उगवू देत नाही. एका बाईंनी मला हातमोजे दिले आणि बजावलं, ‘मूळ तुटू देऊ नका. बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतं.’ ते पिवळट-नारिंगी मूळ मातीतून अखंड काढायला किती जोर लागतो, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

जेमतेम ३७ किलोमीटरची ही नदी. तिच्यासाठी लोक १९७४ पासून झटत आहेत. खाली हंट्स पॉइंट या वस्तीत तिथल्याच कार्यकर्त्या मेजोरा कार्टर यांना आपल्या कुत्र्याला फिरवताना कचऱ्याच्या ढिगामागे नदी सापडली. त्या जागी आज छोटी बाग आहे, आणि शेजारीच वस्तीतली मुलं स्वतः लाकडी होड्या बांधून त्या नदीत वल्हवतात. २००१ मध्ये नदीसाठी झटणारे असे गट ‘ब्रॉन्क्स रिव्हर अलायन्स’ या संस्थेत एकत्र आले.

आणि २००७ च्या फेब्रुवारीत नदीत बीव्हर दिसला, झाडं कुरतडून पाण्यात बांध घालणारा प्राणी. कातड्यांच्या व्यापारापायी शहरातून हा प्राणी नाहीसा होऊन दोनशे वर्षं झाली होती. शहराच्या मुद्रेवर मात्र त्याचं चित्र कायम होतं. नदीसाठी सरकारी निधी मिळवून देणारे खासदार होजे सेरानो यांच्या नावावरून त्याला होजे म्हणू लागले. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला येणारे एलवाइफ मासे २००६ मध्ये आणून सोडले, आणि पुढे बंधाऱ्यावर त्यांना चढायला पायऱ्यांची वाट केली. २०२३ च्या जानेवारीत तर नदीत डॉल्फिन शिरले!

प्राणी परत आले याचं श्रेय मी आधी माणसांना नदीशी जाऊ देणाऱ्या या बागांना देते. कुंपणाआडच्या नदीत कोण काय टाकतं, हे विचारणारं कुणीच नव्हतं. आता तिच्यात होडी घालणारी पोरं आहेत, आणि पाणी घाण दिसलं की जाब विचारणारे त्यांचे आईबापही.

जाब विचारावाच लागतो, कारण जोराचा पाऊस झाला की सांडपाण्याच्या नळांतून मैला आजही नदीत येतो. म्हणून जाणार असाल तर पावसानंतरचे दोनतीन दिवस सोडून जा. ओहोटीची वेळ पाहून घ्या, पक्षी तेव्हाच जास्त दिसतात. आणि स्वयंसेवकांच्या कामाचा दिवस साधला, तर हातमोजे तिथेच मिळतील.