शिफारस शेवटी, आधी वावर

मी सहायक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीच्या नावाने कृषी सहायक, म्हणून काम करते. अमरावती जिल्ह्यातली कापसाची काही गावं माझ्याकडे आहेत. शेतीशाळा, बांधावरच्या भेटी, ग्रामपंचायतीच्या ओट्यावरची बैठक, म्हणजे दिवसभर बोलणंच. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. शिफारस आधी सांगू नये. कुणाच्या तरी वावरात काय घडलं ते आधी सांगावं, शिफारस ऐकणाऱ्याच्या तोंडून येऊ द्यावी.

गुलाबी बोंडअळीचंच घ्या. पत्रकात असतं: हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने या अळीचे नर पतंग ओढणारे) लावा, सलग 3 रात्री दर सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीचं बघा. माहिती अगदी बरोबर आहे, पण त्यात माणूस नाही.

म्हणून मी एका फुलापासून सुरुवात करते. सकाळची वेळ. एक काकू पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदायला शिरल्या आहेत. आजूबाजूची फुलं उमललीत, एक मात्र गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं. काकू म्हणतात, "हे काहून उमललं नाही?" इथे मी गप्प बसते. समोरून कुणीतरी बोलतंच, "डोमकळी होय थे." मग वावरातून आणलेलं तसलं फूल त्यांच्याच हातात देते. चिकटलेल्या पाकळ्या ते स्वतः सोडवतात आणि आतली बारीक अळी पहिल्यांदा त्यांना दिसते, मला नाही. मग विचारते, ही बोंडात शिरली, वरचं छिद्र बुजलं, तर फवारा पोचेल का तिच्यापर्यंत? सापळ्यांचा विषय यानंतर त्यांच्याकडूनच निघतो.

हे थांबणं मला आजोबांकडून मिळालं. त्यांनी गाडगेबाबांची कीर्तनं ऐकली होती. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, कर्जाबद्दल, दारूबद्दल, देवापुढे कापल्या जाणाऱ्या कोंबड्या-बकऱ्यांबद्दल, आणि उत्तर लोकांकडून घेत. आजोबा घरातली साधी गोष्टसुद्धा तशीच सांगायचे. प्रश्न टाकून सुपारी कातरत बसायचे. आम्ही पोरं उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत.

फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पाणी देऊन पुढे चालवण्याची, गोष्ट मात्र अवघड आहे. डिसेंबरनंतर कपाशी उभी ठेवू नका, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी ठेवतात. ही गोष्ट सांगताना फरदड घेणाऱ्याला मूर्ख ठरवलं की ओट्यावरचे निम्मे लोक मनातून उठून जातात, कारण त्यांच्याही वावरात ती उभी असते. म्हणून मी त्याची बाजू आधी आणि पूर्ण सांगते. विहिरीला पाणी आहे, झाडावर थोडी बोंडं आहेत, पोरीची कॉलेजची फी भरायची आहे. यात चूक काय? खरंच, त्या दिवशी त्याच्या जागी असते तर मीही नांगर घातला नसता. मग गोष्ट पुढे नेते: वेचणीत कवडी, म्हणजे किडका कापूस, वाढत जाते, पऱ्हाटी उपटून बांधावर रचली जाते, अळी त्यातच राहते. पुढे पावसाबरोबर पतंग बाहेर पडतात. त्यांना आसपास लवकर पेरलेल्या कपाशीच्या पात्या (कळ्या) आणि फुलं मिळाली तर संसार सुरू. काहीच मिळालं नाही तर ती पिढी तिथेच संपते. या जागी मी पतंगाच्या बाजूने बोलते. बायकांना हा भाग फार आवडतो, पुरुषांपेक्षा जास्त नेमके प्रश्नही त्याच विचारतात.

गोष्टींचा साठा दैनंदिनीच्या मागच्या पानांवर आहे. पुढच्या पानांवर खात्याचं काम, मागे लोकांची वाक्यं, जशी बोलली तशी. "सापळ्यात पतंग मोजाले नातवाले लावलं" हे एक वाक्य. त्यावर आख्खी बैठक उभी राहते. प्रमाण मराठीत उतरवलं तर त्यातला नातूच निघून जातो, म्हणून मी ती दुरुस्त करत नाही.

मागच्या हंगामात शेजारच्या गावात एक दादा डोमकळीची गोष्ट सांगताना ऐकले. काकूंच्या जागी त्यांची आई आली होती, निंदणाऐवजी आई बकरीसाठी चारा आणायला गेली होती. सकाळची वेळ मात्र त्यांनी तशीच ठेवली होती. कुणीतरी विचारलं, संध्याकाळी गेलं तर? दादा म्हणाले, "संध्याकाळी सारेच फुलं मिटतात. मंग डोमकळी वळखणार कशी?"