तुम्ही विचारलंत म्हणून: एका खोलीतल्या सीनला किती लाइट आणू?

कॉलेजची शॉर्ट फिल्म करणारे हा प्रश्न हमखास विचारतात. घरातली खोली, दिवसाचा सीन, दोन पात्रं आणि जेमतेम बजेट. भाड्याने किती लाइट आणायचे? माझं उत्तर: एक, आणि तोही शेवटी. आधी खोलीतला नको तो उजेड काढा.

सुरुवात ट्यूबपासून करा. ती बंदच ठेवा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड निळसर. खिडकीतला उजेड साधारण ५६०० केल्विन, पांढरी ट्यूब बहुधा ६५००, पिवळा बल्ब २७०० ते ३०००. हे सगळे एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा दिसतो. ग्रेडिंगला (शूटनंतर रंग जुळवताना) एक सुधारायला जावं तर दुसरा बिघडतो. व्हाइट बॅलन्सही (कॅमेऱ्याने पांढरा कशाला मानायचं ते सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. ५६०० वर लॉक करा, नाहीतर एकाच शॉटमध्ये रंग बदलत राहतो.

आता खिडकी. पात्राला तिच्या बाजूला बसवा आणि कॅमेरा चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूने लावा. चेहऱ्याला गोलाई येते ती यानेच. पात्र मागच्या भिंतीपासून चार-पाच फूट पुढे हवं. भिंतीला चिकटून बसलं तर चेहरा आणि भिंत सारखीच उजळतात. थेट ऊन येत असेल तर खिडकीला ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरं सुती कापड ताणून लावा. नीळ घातलेलं कापड नको, त्याची झाक कातडीवर उतरते.

उजेड परतवायला थर्माकोलची पांढरी शीट सगळेच आणतात, पण काळं कापड फार थोडे आणतात. छोट्या फ्लॅटमध्ये खरी गरज काळ्याची असते. फिक्या रंगाच्या भिंती आणि पांढरं छत स्वतःच उजेड परत फेकत असतात, त्यामुळे सावली भरून निघते आणि चेहरा सपाट होतो. अशा वेळी पांढरी शीट लावली तर उरलीसुरली सावलीही जाते. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या जरासं बाहेर, चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर काळं कापड धरा आणि मॉनिटरवर बघा: जबड्याची रेघ लगेच उमटते. सावली फारच गडद झाली तर कापड हळूहळू मागे सरकवा. तरीही कमी पडलं तरच थर्माकोल.

पांढऱ्यावरून उजेड परतवण्याची ही युक्ती नुसती गरिबीतली तडजोड नाही. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घराच्या चौकावर पांढरं कापड ताणलं, खालून त्यावर लाइट मारले आणि परत येणाऱ्या उजेडात आभाळाचा मऊपणा मिळवला.

सगळ्यात जास्त फुटेज वाया जातं ते पट्ट्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० असेल (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड मिळत असेल) तर प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन आवर्तनं मिळतात, १/१०० ला एक. १/६० ला हिशेब अर्धवट राहतो आणि पडद्यावर पट्टे सरकू लागतात. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. मोबाइलवरही मॅन्युअल अॅप घेऊन हेच सेटिंग लावा. स्वस्त एलईडी डिमरने मंद केला की कधीकधी वेगळ्याच गतीने लुकलुकतो आणि तिथे हे शटरही कामी येत नाही. तो पूर्ण लावा आणि लांब न्या. आधी दहा सेकंद शूट करून लॅपटॉपवर बघा, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर पट्टे लपतात.

५० एमएमची लेन्स आणि एफ १.८ चा मोह आवरा. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि फोकसमधला भाग कमी. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर पात्र दीड मीटरवर असेल तर फोकसमध्ये जेमतेम सहा-सात सेंटिमीटर राहतात. पात्र बोलता बोलता पुढे झुकलं की डोळे गेले. फोकस ओढायला वेगळा माणूस नसेल तर एफ ४ वर या आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा. थोडा ग्रेन (दाणेदारपणा) चालतो, बाद फोकस चालत नाही.

आता तो एक लाइट. ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) असलेला एलईडी मागा, कमी सीआरआयमध्ये कातडी मेलेली दिसते. दिवसभर खिडकीच्या उजेडात वाइड (खोली दाखवणारे लांबचे शॉट) उरकून घ्या. ऊन उतरलं की क्लोजअप घ्या आणि त्यांना हाच एलईडी खिडकीच्याच दिशेने, कापडामागून द्या. पूर्ण वाइड उजळायची ताकद त्याच्यात नसते, एका चेहऱ्यापुरती असते.

स्वस्त पडतात म्हणून हॅलोजन आणणार असाल तर १००० वॅटचा एक दिवा सव्वाचार अँपिअर खातो. दोन दिवे एकाच ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका, गीझरचा किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट शोधा. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेली वायर तापते आणि आतलं आवरण वितळेपर्यंत बाहेरून काही कळत नाही.